कागद गेला, पण धुराचं काय?

गाडीच्या पीयूसीचा कागद आता जवळ बाळगायची गरज उरली नाही, हे चांगलं झालं की वाईट? वरवर पाहता प्रश्न अगदी किरकोळ. पण आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत, आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे असं मला वाटायला लागलंय. म्हणून आजचा हा लेखनप्रपंच!

परदेशात असलेल्या भाचरांसाठी आधी थोडं सांगते. पीयूसी म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी. पेट्रोलपंपाच्या कडेला एखादी टपरी नाहीतर जुनी व्हॅन उभी असते. तिथला मुलगा सायलेन्सरमध्ये एक नळी खुपसतो. पेट्रोलची गाडी असेल तर यंत्र कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन किती ते दाखवतं, डिझेलची असेल तर धूर किती दाट आहे ते मोजतं. नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि प्रमाणपत्र हातात पडतं. नव्या गाडीला पहिलं वर्ष हे लागत नाही. त्यानंतर मात्र ठरावीक मुदतीनं, म्हणजे जुन्या गाड्यांना सहा महिन्यांनी आणि अलीकडच्यांना वर्षानं, ही वारी करावीच लागते.

पूर्वी हा कागद म्हणजे जीव की प्राण. हवालदारानं अडवलं की डिकी उघडायची, प्लॅस्टिकच्या पाकिटातून घड्या पडलेला कागद काढायचा आणि त्यावरची पुसट झालेली तारीख उन्हात धरून दाखवायची. २०१८ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल केला आणि कागदपत्रं मोबाइलवर दाखवली तरी चालतील असं ठरवलं. १ ऑक्टोबर २०२० पासून आणखी एक पाऊल पुढे पडलं. गाडीची माहिती सरकारी पोर्टलवर तपासून बरोबर निघाली, तर अधिकाऱ्यानं कागद मागायचाच नाही, असा नियम झाला. पुढे जून २०२१ मध्ये सगळ्या देशात पीयूसीचा एकच नमुना ठरला. त्यावर क्यूआर कोड आला, मालकाचा मोबाइल नंबर देणं सक्तीचं झालं, आणि गाडी नापास झाली तर तशी चिठ्ठी द्यायची सोयही झाली. म्हणजे खरं प्रमाणपत्र आता सरकारच्या संगणकात असतं. आपल्या हातात असते ती त्याची सावली.

हे आमच्या भाऊजींना मुळीच मंजूर नाही. वय अडुसष्ट, स्कूटर स्वतः चालवतात, आणि डिकीत आजवरची सगळी पीयूसी रबरबँड लावून ठेवलेली. मुदत संपलेलीसुद्धा!

"वहिनी, माझा मोबाइल निम्मा वेळ चार्जच नसतो. महामार्गावर रेंज नसली तर मी काय दाखवू? कागद कसा, हातात धरला की आहे!"

"पण भाऊजी, तुम्ही काही दाखवायचंच नाही. त्यानं नंबर घालून बघायचं."

"तो बघेल की मलाच 'ॲप उघडा काका' म्हणेल?"

यावर मी गप्प बसले, कारण मुद्दा बरोबर आहे. नियम असा आहे की तपासायचं काम अधिकाऱ्याचं. प्रत्यक्षात काम गाडीवाल्याच्या मोबाइलवर ढकललं जातं. ज्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यानं काय करायचं? सोय म्हणून आणलेली गोष्ट म्हाताऱ्या माणसाला परीक्षा वाटू लागली तर तिला सोय म्हणू नये. पण हा दोष संगणकातल्या नोंदीचा नाही, ती वापरणाऱ्यांच्या सवयीचा आहे. त्यावर उपाय कागदाकडे परत जाण्याचा नाही, नियम पाळण्याचा आहे.

आता माझं मत सांगते. कागद गेला ते चांगलंच झालं. आणि त्याचं कारण झाडं वाचतात वगैरे नव्हे. माझं कारण असं, की कागद खोटं बोलला तर पकडता येत नसे.

दोन वर्षांपूर्वी एका पीयूसी केंद्रावर मी स्वतः पाहिलेली गोष्ट. माझ्या पुढे एक मालवाहू टेम्पो होता. त्याचा धूर असा, की मी पदर नाकाला लावला. तिथल्या मुलानं नळी खुंटीवरून काढलीसुद्धा नाही. मोबाइलवर नंबरप्लेटचा फोटो घेतला, आत गेला, आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर आला. टेम्पो पास! मी विचारलं, "बाळा, तपासलंस कधी?" तर म्हणाला, "आजी, सगळे असंच करतात." त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. जे आहे ते त्यानं सांगितलं.

तुम्ही म्हणाल, मग हे तर संगणकाच्या काळातच घडलं! नोंद संगणकात गेली म्हणून माणूस सुधारला असं कुठे आहे? अगदी बरोबर. पण पुढचं ऐका.

दिल्लीतल्या वाहनांच्या प्रदूषणावरचा महालेखापालांचा अहवाल १ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या विधानसभेत मांडला गेला. त्यात २०१५ ते २०२० या काळातल्या पीयूसीच्या नोंदी तपासल्या आहेत. त्यात काय सापडलं? धुराचं प्रमाण मर्यादेच्या बाहेर असूनही १ लाख ८ हजारांहून अधिक गाड्या पास केलेल्या होत्या. ७,६४३ वेळा एकाच केंद्रावर एकाच वेळी एकाहून जास्त गाड्या तपासल्याची नोंद होती. आणि ७६,८६५ वेळा गाडी तपासून प्रमाणपत्र द्यायला लागलेला वेळ होता फक्त एक मिनिट!

एका मिनिटात मी चहाचं आधणसुद्धा ठेवू शकत नाही.

हे आकडे वाचून पुष्कळांनी कपाळाला हात लावला असेल. पण मला त्यात दुसरंही काही दिसलं. हे सगळं कळलं कसं? संगणकानं प्रत्येक तपासणीची वेळ, मिनिटांसकट, लिहून ठेवली होती म्हणून कळलं. कागदी पुस्तकं असती तर ती रद्दीत गेली असती, आणि 'सगळे असंच करतात' हे फक्त टपरीवर बोललं गेलं असतं. लबाडी कागदावरही होती, संगणकावरही आहे. फरक एवढाच, की संगणकावरची लबाडी मोजता येते. आणि मोजता येते तिचा जाब विचारता येतो. विचारायचा की नाही, हा प्रश्न पुन्हा माणसांचाच!

इथपर्यंत मी भाऊजींच्या विरुद्ध बोलले. आता त्यांच्या बाजूनं.

शाळेत असताना रोज सकाळी वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात आम्ही लिहायचो : पट ५२, हजर ४७. खरं तर मुलामुलांची हजेरी आमच्या कॅटलॉगमध्ये असायचीच, आणि तीच अधिकृत. तपासणीसाठी साहेब आले की ते कॅटलॉगच मागत. मग फळ्यावर लिहायची गरज काय? गरज अशी, की कॅटलॉग बाईंच्या टेबलावर बंद असतो. फळा सगळ्यांना दिसतो. गैरहजर पाच कोण हे मुलं आपोआप शोधायची. 'बाई, सुरेश तीन दिवस आला नाही' हे मला बऱ्याचदा मुलांनीच सांगितलंय, कॅटलॉगनं नाही.

गाडीच्या काचेवरचा कागद, मालमोटारीच्या दारावर रंगवलेल्या फिटनेसच्या आणि परमिटच्या तारखा, हे सगळं फळ्यावरच्या पटासारखं आहे. ते मुद्दाम बघायला जावं लागत नाही. येता-जाता डोळ्यांवर पडतं. मालकाला स्वतःलाही रोज दिसत राहतं. नोंद संगणकात गेली की ती कॅटलॉगमध्ये गेली. अधिकृत झाली, सुरक्षित झाली, आणि डोळ्यांआडही झाली.

इंग्लंडचं एक उदाहरण देण्यासारखं आहे. तिथे गाडीचा कर भरल्याची गोल चकती काचेवर लावायची पद्धत १९२१ पासून होती. १ ऑक्टोबर २०१४ ला ती बंद केली, सगळी नोंद संगणकात. वाटलं होतं खर्च वाचेल, कॅमेरे नंबरप्लेट वाचतील, काम चोख होईल. पण रस्त्यावरच्या सरकारी पाहणीत कर न भरलेल्या गाड्यांचं प्रमाण २०१३ मध्ये ०.६ टक्के होतं, ते २०१५ मध्ये १.४ टक्के निघालं आणि २०१७ मध्ये १.८ टक्के. याला इतर कारणंही होती. पूर्वी गाडी विकली की उरलेल्या मुदतीचा कर गाडीबरोबर नव्या मालकाकडे जायचा, तेही त्याच वेळी बंद झालं. सगळ्यांच्या ध्यानात आलं नसणार. पण काचेवरची ती चकती तारखेची आठवण रोज करून देत होती, आणि ती गेली, हेही खरं.

त्याच देशानं दुसरी गोष्ट मात्र फार चांगली केली. गाडीची वार्षिक तपासणी तिथे एमओटी म्हणून ओळखतात. त्या तपासणीच्या नोंदी सरकारनं सगळ्यांना खुल्या केल्या. कुणीही गाडीचा नंबर घालावा आणि ती कधी पास झाली, कधी नापास झाली, कशामुळे नापास झाली, किती मैल चालली, हे फुकट बघावं. म्हणजे काचेवरचा कागद काढला खरा, पण कॅटलॉगही उघडून ठेवला!

आपल्याकडे तो उघडा आहे का? थोडा आहे. 'एमपरिवहन' ॲपमध्ये गाडीचा नंबर घातला की नोंदणी, फिटनेस, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. मला कुणाच्या घरात डोकवायचं नाहीये. मला फक्त तारीख हवी. पण तारखेच्या पुढे काय? यंत्रानं किती आकडा दाखवला होता? मागच्या वेळी ती नापास झाली होती का? दहा मिनिटांत दुसऱ्या केंद्रावर जाऊन पास झाली का? हे आपल्याला सहज दिसत नाही. प्रगतिपुस्तकात नुसतं 'उत्तीर्ण' लिहिलं आणि गुण लिहिलेच नाहीत, तर कुठल्या आईबापांना चालेल?

आणि आईबाप म्हटलं की मी मूळ मुद्द्यावर येते. तुमची-माझी स्कूटर, कार हा या प्रश्नाचा लहान भाग. मला खरी काळजी वाटते ती शाळेच्या गाड्यांची.

सकाळी सातला आमच्या कोपऱ्यावर चार-पाच व्हॅन आणि दोन रिक्षा थांबतात. पाठीवर दप्तरं, गळ्यात बाटल्या, डोळ्यांत झोप. आया मुलाला आत बसवतात, हात हलवतात, घरी जातात. त्यातल्या किती जणींना माहीत असेल की त्या व्हॅनचं फिटनेस कधीपर्यंत आहे? पीयूसी नुसता धूर बघते, तीही गाडी जागच्या जागी उभी असताना. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे हे बघायचं काम फिटनेस तपासणीचं. ती खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं लागत नाही, पण भाड्यानं माणसं नेणाऱ्या गाडीला लागते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. म्हणजे पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी व्हॅन गुपचूप मुलांची ने-आण करत असेल, तर तिचे ब्रेक सरकारनं कधी बघितलेलेच नसतात! नंबरप्लेटच्या रंगापासून सुरुवात करा, असं मी आयांना नेहमी सांगते. पिवळी पाटी, काळी अक्षरं.

महाराष्ट्रात २०११ साली शाळेच्या बसगाड्यांसाठी वेगळे नियम झाले. त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि समितीनं गाड्यांची कागदपत्रं तपासावीत अशी तरतूद आहे. कागदावर सगळं आहे हो! पण या समित्या कशा चालतात ते आम्हा शिक्षकांना विचारा. जूनमध्ये एक बैठक, चहा-बिस्किटं, झेरॉक्सचा गठ्ठा, त्यावर सह्या, गठ्ठा कपाटात. त्या झेरॉक्सवरची तारीख ऑक्टोबरमध्ये संपली तर नोव्हेंबरमध्ये कपाट कोण उघडणार? कागदाची हीच तर मर्यादा. तो ज्या दिवशी काढला त्या दिवसापुरतंच बोलतो. संगणकातली नोंद मात्र रोजची रोज ताजी. त्याच समितीनं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वीस गाड्यांचे नंबर ॲपमध्ये घालून बघितले, तर अर्ध्या तासाचं काम आहे. शाळेत आता संगणक आहे, शिपाईमामांच्या हातातही स्मार्टफोन आहे. नाही तो फक्त शिरस्ता.

आणि बघून झालं की ते फळ्यावर लिहा! शाळेच्या फाटकाशी सूचनाफलक असतोच. गाडीचा नंबर, फिटनेस अमुक तारखेपर्यंत, पीयूसी अमुक तारखेपर्यंत. बस्स. आया दुपारी मुलांना न्यायला येतात तेव्हा वाचतील. एखादी तारीख उलटलेली दिसली तर त्या मुख्याध्यापकांना सुखानं झोपू देणार नाहीत, हे मी अनुभवानं सांगते.

रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०२२ च्या फेब्रुवारीअखेरीस एक मसुदा काढला होता. फिटनेसची मुदत गाडीच्या काचेवर, निळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या अक्षरांत, दिसेल अशी लावावी असा. संगणक आल्यावर पुन्हा चिकटपट्टी कशाला, असं म्हणून कुणी हसेलही. मला मात्र ती कल्पना मनापासून पटते. दोन्ही हवेत. प्रमाणपत्र खरं आहे की नाही ते संगणकात बघावं, आणि मुदत संपली आहे की नाही ते काचेवर दिसावं. काचेवर खोटी तारीख लिहिली तर नंबर घालून ती दोन मिनिटांत उघडी पाडता येते. पूर्वी तशी सोय नव्हती. आता कागद आणि संगणक एकमेकांवर लक्ष ठेवू शकतात. घरात सासू-सून दोघी जाग्या असल्या की दूध उतू जात नाही, तसंच!

ह्या सगळ्याची आत्ताच घाई का, असं कुणी विचारेल. कारण पीयूसीला आता वजन यायला लागलंय. २०१९ च्या कायदादुरुस्तीनं प्रदूषणाच्या गुन्ह्याचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत नेला. दिल्लीत १८ डिसेंबर २०२५ पासून पीयूसी नसलेल्या गाडीला पंपावर इंधन द्यायचं नाही, असा आदेश निघाला. हेतू चांगला आहे, तिथल्या हिवाळ्यातली हवा आपण टीव्हीवर बघतोच. पण एखाद्या कागदावाचून माणसाचं चाक अडायला लागलं की तो कागद मिळवायचे आडमार्गही वाढतात. दहावीच्या गुणांना महत्त्व आलं तेव्हा कॉपीही वाढली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा प्रमाणपत्राची सक्ती वाढवायच्या आधी तपासणी खरी होते की नाही हे बघायला हवं. नाहीतर पंपावर रांग लागेल, शेजारच्या टपरीवर मिनिटाला एक प्रमाणपत्र निघेल, आणि धूर होता तिथेच राहील.

तर माझं मागणं थोडक्यात असं.

नोंद संगणकातच राहावी. पण रस्त्यावर अडवलेल्या माणसाकडे, विशेषतः वयस्कर माणसाकडे, मोबाइल मागू नये. नंबर घालून बघायचं काम अधिकाऱ्यानं करावं, नियमात आहे तसंच.

मुदत संपायच्या आधी मालकाला निरोप जातो तो नुसत्या इंग्रजी एसएमएसवर थांबू नये. मराठीत जावा, आणि ज्यांना हवं त्यांना पोस्टकार्डही जावं. इंग्लंडनं चकती बंद केली, पण कराच्या आठवणीची पत्रं घरी पाठवणं बंद केलं नाही.

तपासणीचे आकडे आणि नापास झाल्याच्या नोंदी, मालकाचं नाव झाकून, सगळ्यांना दिसाव्यात. आणि एका मिनिटात पास करणारं केंद्र संगणकानं त्याच दिवशी दाखवून द्यावं. त्यासाठी महालेखापालांनी पाच-दहा वर्षांनी यायची वाट बघू नये.

आणि मुलांना नेणाऱ्या गाड्यांच्या तारखा काचेवर आणि शाळेच्या फलकावर, दोन्हीकडे असाव्यात.

भाऊजींना हा लेख वाचून दाखवला. पोस्टकार्डाच्या ओळीवर त्यांनी मान हलवली. बाकीच्यावर म्हणाले, "वहिनी, कागद खोटं बोलला तरी तो माझ्या हातात असतो. तुमचा संगणक खोटं बोलला तर मी कुणाच्या दारात जाऊ?" याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते अजून पुरतं नाही. नोंदीत चूक झाली तर ती दुरुस्त करून घ्यायला साध्या माणसाला एक जवळची खिडकी आणि मराठीत बोलणारा माणूस हवा. पाचवं मागणं म्हणून हेही त्यात घालते, श्रेय भाऊजींचं.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांची मुलं, नातवंडं व्हॅननं शाळेत जातात त्यांनी उद्या सकाळी एवढंच करा. गाडी निघाली की तिचा नंबर लिहून घ्या आणि घरी आल्यावर ॲपमध्ये घालून बघा. तारीख ठीक असेल तर ड्रायव्हरकाकांना दुसऱ्या दिवशी बरं वाटेल असं काही बोला. ठीक नसेल तर तारस्वरात भांडू नका, पण त्या दिवशी मूल त्या गाडीत बसवू नका.

लेख लांबला, पण सवय आहे! तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा.